पत्रकार संरक्षण कायदा : कवच कागदाचेच?

नाशिक (प्रतिनिधी) : २० सप्टेंबर २०२५, शनिवार. सिंहस्थ कुंभमेळ्याच्या पूर्वतयारीसंदर्भात त्र्यंबकेश्वर येथे साधू-महंतांची बैठक होती आणि तिच्या वार्तांकनासाठी नाशिकहून वृत्तवाहिन्यांचे प्रतिनिधी निघाले होते. गावात शिरताना वाहनांकडून शुल्क वसूल करणाऱ्या मंडळींनी त्यांची गाडी अडविली. वाद झाला, वादाचे पर्यवसान मारहाणीत झाले आणि ‘पुढारी न्यूज’, ‘झी २४ तास’ व ‘साम टीव्ही’ या वाहिन्यांच्या प्रतिनिधींना जमावाने बेदम मारले. त्यांतील एकाची जखम इतकी गंभीर होती, की त्याला रुग्णालयात दाखल करावे लागले. मंत्री विचारपुशीला आले, राज्यभरातील पत्रकार संघटनांनी निषेध नोंदविला, पोलिसांनी संशयितांना ताब्यात घेतले. अशा घटनेनंतर जे जे घडते, ते सारे घडले.

या मारहाणीमागे कोणतीही विचारधारा नव्हती. कोणाच्या भावना दुखावल्या नव्हत्या, अग्रलेख छापून आला नव्हता, कोणत्याही नेत्याचा पुतळा किंवा पुस्तक वादात नव्हते. रस्त्यावरची वसुली, ती करणारी माणसे आणि त्यांना प्रश्न विचारला जाणे एवढाच मामला होता. त्र्यंबकेश्वरला श्रावणी सोमवारी किंवा सुटीच्या दिवशी मोटार घेऊन गेलेल्या नाशिककरांना हा अनुभव अपरिचित नाही. पावती मागितली की आवाज चढतो, हे शहरातील अनेक कुटुंबांनी पाहिले आहे. फरक इतकाच, की सामान्य भाविक पैसे देऊन पुढे जातो आणि पत्रकाराने पुढे न जाणे अपेक्षित असते.

महाराष्ट्रात पत्रकारांवरील हल्ल्यांची जुनी ओळख निराळी होती. ५ जून २००८ रोजी ‘लोकसत्ता’चे तत्कालीन संपादक कुमार केतकर यांच्या ठाण्यातील घरावर हल्ला झाला, तो शिवस्मारकावरील अग्रलेखावरून. २० नोव्हेंबर २००९ रोजी ‘आयबीएन-लोकमत’च्या कार्यालयात शिवसैनिक घुसले, ते शिवसेनाप्रमुखांवरील टीकेचा सूड म्हणून. नोव्हेंबर २०१५ मध्ये एका व्यंगचित्रावरून ‘लोकमत’च्या कार्यालयांची मोडतोड झाली. नाशिकही त्यातून सुटले नाही. ५ डिसेंबर २०२१ रोजी, ९४ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या समारोपाच्या दिवशी, ‘लोकसत्ता’चे संपादक गिरीश कुबेर यांच्यावर संमेलनस्थळीच शाई फेकण्यात आली. त्यांच्या इंग्रजी पुस्तकातील छत्रपती संभाजी महाराजांविषयीचा मजकूर हे त्याचे कारण सांगितले गेले. सरस्वतीच्या दरबारात, कुसुमाग्रजांचे नाव दिलेल्या नगरीत हा प्रकार घडला, याची खंत त्या वेळी बरीच व्यक्त झाली.

या सर्व प्रकारांत एक साम्य होते. हल्ला करणारे स्वतःहून पुढे येत, जबाबदारी स्वीकारत, प्रसंगी छायाचित्रकारांना आधी वर्दी देत. तो राजकीय कार्यक्रमच होता. लक्ष्य संपादक किंवा मोठे कार्यालय असे आणि घटनास्थळ बहुधा शहर. हा प्रकार थांबलेला नाही. ९ फेब्रुवारी २०२४ रोजी पुण्यात निखिल वागळे यांच्या मोटारीची काचफोड झाली, ती याच जातकुळीतील. मात्र गेल्या काही वर्षांत धोक्याचे केंद्र सरकले आहे. ते तालुक्याच्या गावाकडे, नाक्याकडे, जमिनीच्या व्यवहाराकडे आणि ठेक्याकडे गेले आहे. येथे हल्ल्याची जबाबदारी कोणीही घेत नाही, कारण त्यातून मते मिळवायची नसतात, धंदा सांभाळायचा असतो.

राजापूरचे प्रकरण या बदलाचे सर्वांत भीषण उदाहरण. शशिकांत वारिसे हे ‘महानगरी टाइम्स’साठी लिहिणारे पत्रकार कोकणातील नियोजित रिफायनरीविषयी सातत्याने बातम्या देत होते. ६ फेब्रुवारी २०२३ रोजी सकाळी त्यांची बातमी प्रसिद्ध झाली. रिफायनरीचा पुरस्कार करणाऱ्या आणि जमिनीच्या व्यवहारात असलेल्या एका इसमाची पंतप्रधान, मुख्यमंत्री व उपमुख्यमंत्री यांच्यासोबतची छायाचित्रे फलकांवर झळकत असल्याविषयी ती होती. त्याच दिवशी दुपारी त्याच इसमाच्या मोटारीने वारिसे यांच्या दुचाकीला धडक दिली आणि त्यांना फरफटत नेले. दुसऱ्या दिवशी कोल्हापूर येथे रुग्णालयात त्यांचा मृत्यू झाला. पोलिसांनी सुरुवातीला लावलेले सदोष मनुष्यवधाचे कलम पत्रकारांच्या आंदोलनानंतर खुनाच्या कलमात बदलले. विशेष तपास पथक नेमले गेले, कुटुंबाला २५ लाख रुपयांची मदत जाहीर झाली. सकाळची बातमी आणि दुपारची धडक यांत जेमतेम काही तासांचे अंतर होते. आंदोलन झाले नसते, तर वाहन अपघातांच्या नोंदीत आणखी एक भर एवढेच या मृत्यूचे मोल उरण्याचा धोका होता.

छत्तीसगडमधील मुकेश चंद्राकर यांची कहाणीही याच वळणाची. विजापूर जिल्ह्यातील एका रस्त्याच्या निकृष्ट कामाची बातमी दिल्यानंतर १ जानेवारी २०२५ रोजी ते बेपत्ता झाले आणि दोन दिवसांनी त्यांचा मृतदेह एका ठेकेदाराच्या जागेतील शौचटाकीत सापडला. वरून काँक्रीट ओतलेले होते. नक्षलवादी आणि सुरक्षा दले यांच्यामधल्या धोकादायक पट्ट्यात वर्षानुवर्षे काम करून सुखरूप राहिलेल्या या पत्रकाराचा बळी अखेर रस्त्याच्या बिलाने घेतला.

जगाच्या पातळीवरील आकडे पाहिले तर युद्धाचे सावट अर्थातच मोठे आहे. न्यूयॉर्कस्थित ‘कमिटी टु प्रोटेक्ट जर्नलिस्ट्स’ या संस्थेच्या नोंदीनुसार २०२४ मध्ये जगभरात १२४ पत्रकार व माध्यमकर्मी मारले गेले. संस्थेने १९९२ मध्ये नोंदी ठेवण्यास सुरुवात केल्यापासूनचा तोवरचा हा उच्चांक होता आणि त्यांतील ८५ मृत्यू इस्रायल-गाझा युद्धात इस्रायली लष्कराच्या हातून झाले. परंतु युद्धभूमी बाजूला ठेवली, तर मेक्सिकोपासून फिलिपिन्सपर्यंत मारला जाणारा पत्रकार बहुधा स्थानिकच असतो. विमानाने आलेला परदेशी वार्ताहर परत जातो. स्थानिक वार्ताहर ज्याच्याविरुद्ध लिहितो, त्याच्याच गल्लीतून त्याला संध्याकाळी घरी जावे लागते. युनेस्कोच्या २०२४ च्या अहवालाप्रमाणे पत्रकारांच्या हत्यांची ८५ टक्के प्रकरणे न्यायाविना पडून आहेत. या दंडमुक्तीकडे लक्ष वेधण्यासाठी संयुक्त राष्ट्रसंघाने २ नोव्हेंबर हा दिवस नेमून दिला आहे. २०१३ मध्ये याच तारखेला माली देशात दोन फ्रेंच पत्रकारांची हत्या झाली होती.

महाराष्ट्राला या बाबतीत एक श्रेय निश्चित द्यावे लागेल. पत्रकारांवरील हल्ल्यांविरुद्ध स्वतंत्र कायदा करणारे हे देशातील पहिले राज्य. एस. एम. देशमुख यांच्या नेतृत्वाखालील पत्रकार हल्ला विरोधी कृती समितीने त्यासाठी सुमारे बारा वर्षे मोर्चे, धरणी, उपोषणे असे सारे मार्ग चोखाळले. ७ एप्रिल २०१७ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी विधेयक मंजूर केले. त्यानंतर ते राष्ट्रपतींच्या संमतीसाठी गेले आणि तेथे अडीच वर्षे राहिले. २०१९ च्या अखेरीस कायदा अस्तित्वात आला. माध्यमकर्मीवर हल्ला करणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा ५० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा, गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र, तपास उपअधीक्षकाहून कमी दर्जाच्या अधिकाऱ्याकडे नाही, वैद्यकीय खर्च व मालमत्तेची भरपाई आरोपीकडून, अशी त्याची ठळक कलमे आहेत. खोटी तक्रार करणाऱ्या पत्रकारालाही तितकीच शिक्षा आहे.

कागदावर हे सारे भारदस्त दिसते. प्रत्यक्षात ऑगस्ट २०२३ मध्ये, म्हणजे कायदा येऊन चार वर्षेही झाली नसताना, ज्या संघटनांनी तो मिळवला त्यांनीच राज्यभर त्याच्या प्रतींची होळी केली. निमित्त होते जळगाव जिल्ह्यातील पाचोऱ्याचे. तेथील एका पत्रकाराला सत्ताधारी आमदाराने दूरध्वनीवरून शिवीगाळ केल्याची ध्वनिफीत आधी पसरली आणि पाठोपाठ त्या पत्रकाराला भर रस्त्यात मारहाण झाली. बारा वर्षे ज्यासाठी झगडले, तेच जाळण्याची वेळ का यावी, याचे उत्तर कायद्याच्या रचनेत शोधावे लागते.

हा कायदा डॉक्टरांवरील हल्ले रोखण्यासाठी राज्याने २०१० मध्ये केलेल्या कायद्याच्या साच्यातून काढलेला आहे. तीन वर्षे, ५० हजार, नुकसानभरपाई अशी मोजमापेही तीच. साचा तयार होता, म्हणून वापरला गेला. मात्र रुग्णालयातील हल्ला आणि पत्रकारावरील हल्ला या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, याचा विचार झालेला दिसत नाही. रुग्ण दगावतो, नातेवाईक संतापतात, तेथल्या तेथे तोडफोड होते. डॉक्टर कामावर असतो, जागा ठरलेली असते, साक्षीदार हजर असतात. पत्रकारावरील हल्ला पुष्कळदा बातमी छापून आल्यानंतर होतो. कधी त्याच दिवशी, कधी पंधरा दिवसांनी, कधी पेट्रोल पंपाजवळ, कधी घराच्या दाराशी. कायद्याला मात्र हल्ला कर्तव्य बजावताना झालेला असावा लागतो. वारिसे त्या दुपारी दुचाकीवरून चालले होते, तेव्हा ते कर्तव्य बजावत होते काय, असा प्रश्न बचाव पक्षाच्या वकिलाने विचारला तर त्याला काय उत्तर देणार? त्यांच्या प्रकरणात खुनाचे कलम आहे, म्हणून या प्रश्नावर फारसे अडत नाही. हात मोडण्यावर, धमकावण्यावर भागलेल्या असंख्य प्रकरणांत तो अडतो.

दुसरी अडचण व्याख्येची आहे आणि तीच अधिक खोल आहे. पत्रकारिता हा ज्याचा मुख्य व्यवसाय आहे आणि जो एखाद्या माध्यमसंस्थेत नियमित किंवा कंत्राटी पद्धतीने नोकरीस आहे, तो कायद्याच्या दृष्टीने माध्यमकर्मी. ही शब्दरचना १९५५ च्या श्रमिक पत्रकार कायद्यातून उचललेली आहे. वेतन, रजा आणि कामाचे तास ठरविण्यासाठी ती योग्यच होती. जीविताच्या संरक्षणासाठी ती अपुरी पडते, कारण ज्यांना संरक्षणाची सर्वाधिक गरज आहे, त्यांचा तीत समावेश होतोच असे नाही.

सुरगाणा, पेठ, कळवण, नांदगाव अशा तालुक्यांतून मोठ्या दैनिकांना बातम्या पाठविणारा वार्ताहर कोण असतो, हे शहरी वाचकाला सहसा ठाऊक नसते. तो शेती करतो, किंवा त्याचे झेरॉक्सचे दुकान असते, किंवा तो वृत्तपत्राची एजन्सी चालवितो. बातमीला मानधन नाममात्र, बहुतेक वेळा तेही नाही. उत्पन्न येते ते जाहिरातीच्या कमिशनमधून. दिवाळी, स्वातंत्र्यदिन, वर्धापनदिन आणि स्थानिक पुढाऱ्यांचे वाढदिवस यांच्या पुरवण्यांसाठी त्याच्याकडून जाहिराती अपेक्षित असतात. त्या देणार कोण? बाजार समितीचे संचालक, नगरसेवक, वाळूचा आणि रस्त्याचा ठेकेदार, शिक्षणसंस्थेचा चालक. म्हणजे ज्यांच्याविषयी लिहायचे, त्यांच्याकडेच दरमहा हात पसरायचा. एवढे असूनही त्याने लिहिले आणि मार खाल्ला, तर पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न येतो, नियुक्तीपत्र आहे का? ते नसते. ओळखपत्र असते, त्याची मुदत कधीच संपलेली असते. मग अदखलपात्र नोंद होते आणि प्रकरण आपसात मिटविण्याचा सल्ला मिळतो.

येथे दोष केवळ सरकारच्या पदरात टाकून वृत्तपत्रसृष्टीला मोकळे होता येणार नाही. पत्रकारांच्या सुरक्षिततेवर अग्रलेख लिहिणाऱ्या किती माध्यमसमूहांनी आपल्या तालुका वार्ताहरांना लेखी नियुक्ती दिली आहे, विमा काढला आहे, खटल्याच्या वेळी वकील दिला आहे? २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता अमलात आल्या आणि १९५५ चा कायदा त्यांत सामावला गेला. परंतु ज्याच्या नोकरीचा कागदच नाही, त्याला जुनी तरतूद काय आणि नवी संहिता काय, दोन्ही सारख्याच दूर. छोट्या शहरांतून यूट्यूबवर वृत्तवाहिनी चालविणाऱ्या शेकडो तरुणांची स्थिती त्याहून अवघड आहे. मुकेश चंद्राकर यांचीही स्वतःची ‘बस्तर जंक्शन’ नावाची यूट्यूब वाहिनी होती. महाराष्ट्राच्या कायद्यात ती ‘माध्यमसंस्था’ ठरली असती की नाही, हा वादाचा विषय झाला असता.

याची दुसरी बाजूही आहे आणि ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. ‘प्रेस’ असे लिहिलेल्या गाड्या घेऊन हिंडणारे, माहिती अधिकाराचा अर्ज टाकून तडजोडीला बसणारे महाभाग प्रत्येक तालुक्यात दोन-चार सापडतात. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत महाराष्ट्रातील मोठमोठ्या दैनिकांनी जाहिरातीच बातम्या म्हणून छापल्या, हे पी. साईनाथ यांनी चव्हाट्यावर आणले होते. त्यामुळे पत्रकाराला मारहाण झाली, की ‘काहीतरी तोडपाणी असेल’ ही लोकांची पहिली प्रतिक्रिया असते. ही प्रतिक्रिया अन्यायाची आहे, पण ती आकाशातून पडलेली नाही. खोट्या तक्रारीच्या शिक्षेचे कलम आमदारांनी कायद्यात अगत्याने घातले, ते याच अविश्वासाच्या बळावर.

कायद्याची अंमलबजावणी करताना पोलिसांपुढेही काही अडचणी आहेत. गुन्हा अजामीनपात्र असला, तरी कमाल शिक्षा तीन वर्षांची आहे. सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यांत आरोपीला सरसकट अटक करू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अर्नेश कुमार प्रकरणात बजावले आहे आणि ते सर्वसामान्य नागरिकाच्या स्वातंत्र्याच्या दृष्टीने योग्यच आहे. परिणामी, अन्य गंभीर कलमे जोडली गेली नाहीत, तर आरोपीला बहुधा नोटीस देऊन सोडले जाते. दुसऱ्या दिवशी तो त्याच चौकात उभा असतो. कायद्याचा धाक म्हणून ज्या अजामीनपात्रतेचा गाजावाजा झाला, तिचा दम येथे निघून जातो. शिवाय तपास उपअधीक्षकानेच करायचा. ग्रामीण भागात या दर्जाचा अधिकारी एकाहून अधिक पोलीस ठाण्यांचा कारभार पाहतो. बंदोबस्त, सणवार, मंत्र्यांचे दौरे यांतून पत्रकाराच्या मारहाणीचा तपास त्याच्या टेबलावर कधी येणार?

मोजदाद न होणे ही तर मूळ व्याधी. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाने मध्यंतरी पत्रकारांवरील हल्ल्यांची माहिती वेगळी गोळा केली होती आणि २०१४ व २०१५ या दोन वर्षांत देशभरात अशा १४२ घटनांत ७३ जणांना अटक झाल्याचे केंद्र सरकारने २०१७ मध्ये संसदेत सांगितले होते. १४२ घटना आणि ७३ अटका, हे प्रमाणच पुरेसे बोलके आहे.

शिक्षा होतच नाही असे नाही. ११ जून २०११ रोजी पवई येथे गोळ्या घालून मारले गेलेले ‘मिड-डे’चे गुन्हेविषयक पत्रकार ज्योतिर्मय डे यांच्या खटल्यात २ मे २०१८ रोजी विशेष न्यायालयाने छोटा राजनसह नऊ जणांना जन्मठेप सुनावली. ‘साधना’ साप्ताहिकाचे संपादक डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली. १० मे २०२४ रोजी दोन मारेकऱ्यांना जन्मठेप झाली, तिघे निर्दोष सुटले. दाभोलकरांची ओळख अंधश्रद्धा निर्मूलनाशी इतकी घट्ट जोडलेली आहे, की मारला गेलेला मनुष्य दीड दशक एका मराठी साप्ताहिकाचा संपादक होता, हे विसरले जाते. या दोन्ही खटल्यांवर देशाचे लक्ष होते. तरी एकाला सात वर्षे लागली, दुसऱ्याला जवळपास अकरा. ज्यांच्यावर कोणाचेही लक्ष नाही, अशा पाचोऱ्याच्या किंवा पेठच्या फिर्यादीचे काय होत असेल, याचा अंदाज बांधता येतो.

ठेकेदाराची काठी आणि सरकारची नोटीस यांतील फरक पत्रकाराच्या दृष्टीने कधी कधी पुसट होतो, हेही येथे नोंदवायला हवे. १५ एप्रिल २०२० रोजी ‘एबीपी माझा’च्या प्रतिनिधीला रेल्वेगाड्या सुटण्याविषयीच्या बातमीवरून अटक करण्यात आली. वांद्र्याच्या गर्दीचे खापर त्या बातमीवर फोडले गेले होते. दुसऱ्या दिवशी जामीन झाला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अर्णव गोस्वामी यांना २०१८ च्या आत्महत्या प्रकरणात अटक झाली आणि सर्वोच्च न्यायालयाने आठवड्याभरात जामीन दिला. पहिल्या अटकेवर गप्प बसलेले दुसरीवर बोलले, आणि पहिलीवर बोललेल्यांपैकी अनेकांना दुसरीत गैर काही दिसले नाही. ‘आपला’ पत्रकार आणि ‘त्यांचा’ पत्रकार अशी वाटणी झाल्यावर वृत्तस्वातंत्र्य हा सर्वांचा विषय उरत नाही. जुलै २०२५ मध्ये विधिमंडळाने संमत केलेल्या महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयकातील संदिग्ध शब्दयोजनेविषयी पत्रकार संघटनांनी चिंता व्यक्त केली. तेव्हाही प्रतिक्रिया पक्षनिहायच उमटल्या. ‘रिपोर्टर्स विदाउट बॉर्डर्स’च्या २०२५ च्या निर्देशांकात १८० देशांत भारताचा क्रमांक १५१ वा होता. आदल्या वर्षी तो १५९ वा होता. सरकारी प्रवक्ते या निर्देशांकाची पद्धतच सदोष मानतात. पद्धतीवर मतभेद असू शकतात, राजापूर आणि विजापूर मात्र निर्देशांकातून घडलेले नाहीत.

नाशिकला छापील शब्दाच्या किमतीची आठवण वेगळी करून द्यावी लागू नये. जून १९०९ मध्ये बाबाराव सावरकरांना जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली, ती कवितांची एक पुस्तिका प्रसिद्ध केल्याबद्दल. त्याच वर्षी २१ डिसेंबरला विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सन यांचा वध झाला आणि लगोलग १९१० चा प्रेस कायदा आला. जामिनाची रक्कम मागून छापखाने बंद पाडण्याची सोय त्यात होती. परकीय सत्तेला छापील मजकुराची धास्ती वाटत होती. आज ती नाक्यावरच्या वसुलीलाही वाटते, एवढे अंतर शतकात पडले आहे.

अन्यत्र काय घडले, हे पाहणे उपयोगाचे ठरेल. छत्तीसगडने मार्च २०२३ मध्ये स्वतःचा कायदा केला. त्यात पत्रकारांच्या संरक्षणासाठी समितीची तरतूद आहे, म्हणजे हल्ला होण्याआधी दाद मागण्याची जागा निदान कागदावर आहे. मुकेश चंद्राकर यांची हत्या या कायद्यानंतरची आहे, हे लक्षात घेतले म्हणजे केवळ समितीने भागत नाही हेही कळते. मेक्सिकोने २०१२ मध्ये कायद्याने संरक्षण यंत्रणा उभारली. धोक्यातील पत्रकारांना तेथे संकटसूचक उपकरणे आणि सुरक्षारक्षक मिळतात. तरीही हत्या थांबल्या नाहीत, कारण धमकी देणारे आणि संरक्षण देणारे यांचे लागेबांधे तसेच राहिले. माल्टाचे उदाहरण निराळे. १६ ऑक्टोबर २०१७ रोजी डॅफ्ने कारुआना गालिझिया या पत्रकार महिलेची मोटारीत स्फोट घडवून हत्या झाली. मारेकऱ्यांवरील खटल्यांखेरीज तेथे न्यायाधीशांची सार्वजनिक चौकशी झाली आणि २०२१ मध्ये तिने निष्कर्ष काढला, की दंडमुक्तीचे वातावरण निर्माण होऊ दिल्याची जबाबदारी राज्यसंस्थेची आहे. फिलिपिन्समध्ये २३ नोव्हेंबर २००९ रोजी एकाच दिवशी ५८ जण मारले गेले, त्यांत ३२ माध्यमकर्मी होते. हत्याकांड घडविणाऱ्या बलाढ्य राजकीय घराण्यातील प्रमुख आरोपींना दहा वर्षांनी शिक्षा झाली, पण झाली.

माल्टाचा धडा महाराष्ट्राला सर्वाधिक लागू पडतो. मारहाण कोणी केली, हे पोलीस शोधतील. पण भररस्त्यात, दिवसाढवळ्या, कॅमेरे हाती असलेल्या माणसांना मारण्याचे धाडस कोठून आले, हा प्रश्न तपास अधिकाऱ्याच्या कक्षेत येत नाही. त्र्यंबकच्या बाबतीत तो विचारायचा झाला, तर वसुलीचे अधिकार कोणाला, कोणत्या अटींवर दिले जातात, कर्मचाऱ्यांची पडताळणी होते काय, पावतीवर कोणाचा शिक्का असतो आणि तक्रार कोणाकडे करायची, अशा रुक्ष गोष्टींपाशी यावे लागते.

सिंहस्थाच्या निमित्ताने हे प्रश्न अधिकच निकडीचे आहेत. ध्वजारोहणाची तारीख ३१ ऑक्टोबर २०२६ आणि पहिले अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ रोजी. हजारो कोटींची कामे, भूसंपादन, वाहनतळ, तात्पुरत्या निवाऱ्यांचे ठेके या सर्वांवर नजर ठेवणाऱ्या बातम्या लिहिल्या जाणे अपरिहार्य आहे. २७ ऑगस्ट २००३ रोजी याच शहरात सिंहस्थाच्या पर्वणीला झालेल्या चेंगराचेंगरीत अनेक भाविकांचे प्राण गेले होते. अरुंद रस्ता, चुकलेले नियोजन, अडवलेली वाट यांची बातमी दुर्घटनेच्या आधी छापून आली तर ती उपयोगाची, नंतर आली तर केवळ श्रद्धांजली. ही बातमी आणणारा माणूस मुंबईहून आलेल्या वाहिनीच्या ओबी व्हॅनमध्ये नसतो. तो त्र्यंबक, अंजनेरी, पिंपळद या पट्ट्यातच राहणारा असतो आणि त्याला वसुलीच्या नाक्यावरून रोज जावे-यावे लागते.

कुंभासाठी पत्रकारांना ओळखपत्रे देताना प्रशासन अधिस्वीकृतीधारकांच्या यादीपासून सुरुवात करील, तशी प्रथाच आहे. ग्रामीण वार्ताहरांपैकी फारच थोडे त्या यादीत असतात. संपादकांनी दिलेले साधे पत्र पुरेसे मानून या वार्ताहरांची जिल्हा माहिती कार्यालयाकडे नोंद झाली, ठेक्यांच्या करारात वसुली कर्मचाऱ्यांच्या गैरवर्तनाबद्दल ठेका रद्द करण्याची अट स्पष्टपणे घातली गेली आणि हल्ल्याच्या तक्रारीसाठी एका उपअधीक्षकाचे नाव व दूरध्वनी आधीच जाहीर झाला, तर त्यासाठी कायदा बदलण्याची किंवा राष्ट्रपतींच्या संमतीसाठी अडीच वर्षे थांबण्याची गरज नाही. ही तिन्ही कामे जिल्हाधिकारी कार्यालय, त्र्यंबक नगरपरिषद आणि ग्रामीण पोलीस अधीक्षक यांच्या अखत्यारीतील आहेत. संपादकांचे ते पत्र मात्र वृत्तपत्रांच्या कार्यालयांतूनच निघावे लागेल.